वाहणारा कान आणि शेवटचा बाक

मी दुसरीत असताना माझा उजवा कान फुटला आणि तो कायमचा कोरडा झाला तेव्हा मला एकतिसावे वर्ष लागले होते. मधली जवळपास चोवीस वर्षे तो प्रत्येक पावसाळ्यात आणि प्रत्येक सर्दीला वाहत राहिला. घरात, शाळेत किंवा पुढे डी.एड.ला असताना कोणालाही त्यात विशेष काही वाटले नाही. आमच्या केज-अंबाजोगाईच्या पट्ट्यात ‘त्याचा कान वाहतो’ हे वाक्य ‘तो डावखुरा आहे’ याच चालीवर बोलले जाते. गेली बावीस वर्षे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो आहे आणि दर जूनमध्ये पहिलीच्या नव्या वर्गात कापसाचा बोळा कानात घातलेले एखाददुसरे लेकरू बसलेले असतेच, म्हणून हे एकदा सविस्तर लिहून काढावे असे वाटले. मी डॉक्टर नाही. रुग्ण म्हणून जे भोगले, डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले आणि मास्तर म्हणून जे पाहिले, तेवढेच इथे आहे.

कान फुटला ती रात्र मला अजून आठवते. सर्दी होऊन चार दिवस झाले होते, संध्याकाळी कानात ठणका सुरू झाला आणि मध्यरात्रीपर्यंत तो कान उशीला टेकवता येईना. आजीने चुलीवर पळी धरून करडईच्या तेलात लसणाच्या दोन पाकळ्या काळ्या होईपर्यंत कडवल्या, तेल बोटाला सोसेल इतके निवू दिले आणि माझे डोके मांडीवर आडवे धरून ते कानात सोडले. पहाटे ठणका एकाएकी थांबला. सकाळी अभ्र्यावर रक्ताळलेल्या पुवाचा डाग होता आणि ‘तेलानं समदी घाण भाईर काढली’ असे आजी शेजारणीला मोठ्या समाधानाने सांगत होती. पुढे कित्येक वर्षे मीही तेच मानत आलो. प्रत्यक्षात पडद्यामागे साठलेल्या पुवाचा दाब वाढत जाऊन पडदा फाटला होता आणि दाब उतरला म्हणून दुखणे थांबले होते. तेल बिचारे तोवर पडद्याच्या अलीकडेच होते, पण त्याचे नाव झाले आणि त्यानंतर दर दुखण्याला ते माझ्या फुटक्या पडद्यातून थेट आत जाऊ लागले.

हा पू बाहेरून कानात जात नाही, तो नाकाच्या वाटेने येतो, ही गोष्ट पालकांना पटवून देणे मला सर्वांत अवघड जाते. कानाचा पडदा जाडीला मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा असतो. त्याच्यामागे एक लहानशी हवेची पोकळी असते, तिच्यात हातोडा, ऐरण आणि रिकीब ही शरीरातली सर्वांत लहान हाडे साखळीसारखी जोडलेली असतात आणि त्या पोकळीत हवा खेळती राहावी म्हणून तिथून नाकाच्या मागच्या भागापर्यंत एक नळी गेलेली असते. सहलीची एसटी पसरणीचा घाट चढू लागली की कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, ते या युस्टेशियन नलिकेचे काम. मोठ्या माणसात ही नळी साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब आणि उतरती असते. लहान मुलांत ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळे सर्दीतला जंतुसंसर्ग तिच्यातून सहज वर सरकतो. बाळाला आडवे निजवून बाटलीने दूध पाजणे, घरात बिडीचा धूर असणे आणि दोन्ही नाकपुड्या एकदम दाबून जोरात नाक शिंकरायला लावणे, या तिन्ही गोष्टी त्या वाटेवर भर घालतात. नाक एका वेळी एकाच बाजूने, हलकेच शिंकरावे, हे मी वर्गात पाढ्यांसारखे शिकवतो.

सर्दीनंतर दुखणारा प्रत्येक कान फुटतो असे नाही. बरेच कान दोन-तीन दिवसांत पॅरासिटामॉलवर शांत होतात. मात्र मूल दोन वर्षांच्या आतले असेल, ताप उतरत नसेल किंवा कान वाहू लागला असेल, तर डॉक्टरांकडे न्यायला हवे. त्यांनी अँटिबायोटिक दिले असेल तर ‘आता बरं वाटायलंय’ म्हणून तिसऱ्या दिवशी ते बंद करू नये. असा फाटलेला पडदा पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. त्या काळात कान कोरडा राहणे एवढे एकच पथ्य असते, आणि नेमके तेच आमच्या घरी कोणाला माहीत नव्हते. उन्हाळ्यात मी विहिरीत सूर मारत होतो, कालव्यात डुंबत होतो आणि कानात तेल तर होतेच. भोक राहून गेले आणि कान फुटण्याचे रूपांतर कान वाहण्यात झाले.

पुढची सगळी वर्षे थेंबांवर गेली. तालुक्याच्या गावी एका औषधाच्या दुकानात ‘कानाचा ड्रॉप’ एवढेच सांगितले की एक बाटली मिळत असे, आणि तीच मी कितीतरी वर्षे वापरली. कान पाहिल्याशिवाय दिलेला थेंब अपायही करू शकतो, हे फार उशिरा समजले. जेंटामायसिन, निओमायसिन या गटातली औषधे पडद्याला भोक असताना आत उतरली तर ऐकण्याच्या नसेला इजा करू शकतात, म्हणून फुटलेल्या कानासाठी डॉक्टर सहसा सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ऑफ्लॉक्सॅसिनचे थेंब देतात. शिवाय पुवाने भरलेल्या कानात घातलेला थेंब वरच्या वर तरंगतो. आधी स्वच्छ सुती कापडाची किंवा कापसाची वात वळून, ती ओली झाली की बदलत, कान कोरडा करायचा आणि मग थेंब घालायचे, हा क्रम मला पहिल्यांदा सांगितला तो अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी, आणि तोही वात स्वतः वळून दाखवत.

त्या तपासणीतले दोन प्रसंग माझ्या मनात पक्के बसले आहेत. पहिला ट्यूनिंग फोर्कचा. बाईंनी तो दोन दात्यांचा धातूचा काटा कोपरावर आपटला, आधी कानासमोर धरला, मग त्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवली आणि कुठे मोठा ऐकू येतो असे विचारले. डाव्या कानाला समोर मोठा वाटला, उजव्याला मागे. हवेतून येणारा आवाज फाटक्या पडद्यापाशी अडतो आणि हाडातून जाणारा आवाज त्याला वळसा घालून थेट आतल्या कानात पोहोचतो, म्हणजे नस शाबूत आहे आणि बिघाड वाटेत आहे, एवढे निदान त्या दोन रुपयांच्या नाण्याइतक्या साध्या वस्तूने केले. पुढे ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे यंत्राने ऐकणे मोजण्याच्या तपासणीच्या आलेखात तीच गोष्ट डेसिबलमध्ये लिहून आली. दुसरा प्रसंग दुर्बिणीचा. कानात बारीक नळी जाताच समोरच्या पडद्यावर माझाच कान दिसू लागला. राखी, पातळ कातडीच्या मध्यभागी मसुराच्या दाण्याच्या आकाराचे, काठ गुळगुळीत झालेले भोक होते आणि त्यातून आतला गुलाबी, ओलसर भाग लकाकत होता. चोवीस वर्षे जे मी कापसाने पुसत होतो, ते पहिल्यांदा पाहिले.

वाहणाऱ्या कानाचे दोन प्रकार असतात आणि त्यांतला फरक घरच्या माणसालाही थोडाफार ओळखता येतो. एकात स्राव पातळ, भरपूर, चिकट असतो, सर्दीबरोबर येतो आणि जातो. भोक पडद्याच्या मध्यभागी असते. माझा हा प्रकार होता. दुसऱ्यात स्राव थोडा, पण सडक्या वासाचा असतो आणि तो कधी पुरता थांबत नाही. या कानात पडद्याची कातडी आत ओढली जाऊन तिथे साचत जाते आणि आजूबाजूचे हाड कुरतडू लागते. तिला कोलेस्टिएटोमा म्हणतात. चेहऱ्याची नस याच हाडातून जाते आणि वर पातळ हाडाच्या पलीकडे मेंदू असतो, त्यामुळे अशा कानाच्या रुग्णाचे तोंड वाकडे होणे, तीव्र डोकेदुखी, ताप, चक्कर येणे ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत. इथे थेंबांनी भागत नाही, मॅस्टॉइडची, म्हणजे कानामागच्या हाडाची शस्त्रक्रिया करावी लागते, आणि तीत आधी कान निर्धोक करणे आणि मग जमेल तितके ऐकणे परत मिळवणे असा क्रम असतो. वास येणारा कान लपवण्याकडे लोकांचा कल असतो. मुलीच्या बाबतीत तर लग्न ठरेपर्यंत तो झाकला जातो, आणि याची मला फार चीड येते.

माझी शस्त्रक्रिया त्या मानाने साधी होती. कान औषधाने काही आठवडे पूर्ण कोरडा ठेवला आणि मग कानाच्या वरच्या बाजूला असलेल्या स्नायूवरचे पातळ आवरण काढून त्याचे ठिगळ भोकाखाली बसवले. हे टिंपॅनोप्लास्टीचे तंत्र १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत वुलस्टाइन आणि झोलनर यांनी रुजवले. नंतरचे पथ्य मात्र माझ्यासारख्या धांदरट माणसाची परीक्षा पाहणारे होते: काही आठवडे कानात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, नाक शिंकरायचे नाही, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्यायची आणि जड उचलायचे नाही. ऐन तुरीच्या राशीच्या दिवसांत घरात बसून राहिल्याबद्दल वडिलांनी एक अक्षर काढले नाही, हे मला त्या शस्त्रक्रियेपेक्षा मोठे वाटले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कान-नाक-घशाच्या अनेक शस्त्रक्रिया येतात, तेव्हा पैशांच्या भीतीने थांबलेल्यांनी निदान चौकशी तरी करावी.

आता शेवटच्या बाकाविषयी. काही वर्षांपूर्वी तिसरीत एक मुलगा होता. कान वाहत नव्हता, दुखत नव्हता. तो नुसताच ‘ढ’ होता. श्रुतलेखनात ‘पाट’ सांगितले की ‘भात’ लिहायचा, तोंड सदा उघडे, झोपेत घोरतो अशी आईची तक्रार. वडिलांना बोलावले तर ते म्हणाले, “सर, बहिरं न्हाई ओ ते. मोबाईल लावला की बरोबर आइकतंय. ध्यानच देत न्हाई.” मी विचारले, “आवाज किती ठेवतो?” “फुल.” मग मी त्यांच्यासमोरच त्याच्या पाठीमागे दोन हात अंतरावर उभा राहून कुजबुजत्या आवाजात त्याचे नाव घेतले, आकडे म्हणायला सांगितले. तो भिंतीकडे पाहत बसून राहिला. वडिलांचा चेहरा त्या वेळी जसा झाला, तो मी कधी विसरणार नाही.

त्या मुलाच्या नाकामागच्या अ‍ॅडिनॉइडच्या गाठी वाढल्या होत्या, त्यामुळे नळी बंद पडून पडद्यामागे डिंकासारखा चिकट द्रव साठला होता. यात कान ना दुखतो ना वाहतो, म्हणून तो कोणाच्या लक्षातच येत नाही. पुष्कळ मुलांत हा द्रव तीन महिन्यांत आपोआप निचरतो, म्हणून डॉक्टर तोवर वाट पाहतात. नाहीच निचरला तर पडद्यात ग्रोमेट नावाची मण्याएवढी नळी बसवतात आणि गरज असेल तर अ‍ॅडिनॉइडही काढतात. त्याला ग्रोमेट बसवावे लागले. तोपर्यंत मी त्याला पहिल्या बाकावर आणले आणि फळ्याकडे तोंड करून बोलण्याची माझी सवय मोडली. दुसरी सवय मोडायला जास्त कष्ट पडले. श्रवणदोष असलेल्या किती मुलांना मी आधीच्या वर्षांत अंगठे धरून उभे केले असेल, याचा हिशेब मी करत नाही.

कानातल्या मळाबद्दल थोडक्यात सांगतो. मळ हा कानाचा पहारेकरी आहे, तो जबडा हलताना आपोआप बाहेर सरकतो. इअरबड, केसाची पिन किंवा काडेपेटीची काडी त्याला आत ढकलते. आठवडी बाजारात कान कोरून देणाऱ्याकडे बसण्याची हौस मीही एकदा केली आहे आणि आठ दिवस रक्ताचा डाग पुसत हिंडलो आहे. मळ घट्ट बसलाच तर आधी थेंबांनी मऊ करून डॉक्टर तो काढतात. पिचकारीने काढताना पाणी शरीराच्या उष्णतेचे लागते, कारण गार पाणी गेल्यास खोली गरागरा फिरू लागते. या फिरण्याचा अभ्यास करून समतोलाचे इंद्रिय आतल्या कानात कसे काम करते हे उलगडणाऱ्या रॉबर्ट बारानी यांना १९१४ चे नोबेल मिळाले. पावसाळ्यात कान विलक्षण खाजू लागला आणि आत ओल्या वर्तमानपत्रावर काळे ठिपके पडावेत तसा थर दिसला, तर ती बुरशी असते. तेल घातलेल्या ओलसर कानात ती छान पोसते. कान साफ करून क्लोट्रिमॅझोलसारखे बुरशीविरोधी थेंब घालावे लागतात. कानात जिवंत किडा शिरला असेल, आणि पडदा फुटलेला नसेल, तर मात्र तेलाचे चार थेंब खरोखर उपयोगी पडतात. किडा मरतो, वळवळ थांबते, मग तो काढून घ्यावा. आजीच्या पळीला एवढा एक मान आहे.

नाकाकडे यायचे तर आमच्याकडे त्याचेही हंगाम असतात. पावसाळा सरता सरता गाजर गवत फुलते, पाठोपाठ सोयाबीनच्या मळणीची धूळ उडते, आणि पहाटे सलग शिंका, नाकाला पाण्याची धार, डोळ्यांना खाज हा प्रकार घरोघरी सुरू होतो. ही अ‍ॅलर्जी असते, सर्दी नव्हे, आणि तिला अँटिबायोटिकचा उपयोग नाही. माझ्या पत्नीने चोंदलेले नाक क्षणात मोकळे करणारी झायलोमेटाझोलिनची बाटली तीन वर्षे पर्समध्ये बाळगली. पाच-सात दिवसांच्या पुढे असे थेंब वापरले की औषध उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदते आणि माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो. तिला त्यातून बाहेर काढले ते फ्लुटिकासोन या स्टेरॉइडच्या फवाऱ्याने. त्याचा गुण दिसायला काही दिवस लागतात आणि तो उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, बाहेरच्या कडेकडे रोखून मारायचा असतो. मधल्या पडद्यावर मारला तर तिथे खपली धरून रक्त येते. ‘स्टेरॉइड’ या शब्दाला घाबरून ती सुरुवातीला तो लपवून ठेवत असे.

एप्रिलमध्ये घोळणा फुटतो. सकाळच्या शाळेत दर उन्हाळ्यात तीन-चार मुलांच्या नाकातून रक्त येते, कारण कोरड्या हवेने नाकाच्या पुढच्या भागातली नाजूक कातडी तडकते आणि उरलेले काम बोट करते. कोणीतरी कांदा फोडून आणते, कोणी डोके मागे टेकवून निजवते. डोके मागे केल्यास रक्त घशात उतरते आणि ओकारी होते. मुलाला बसवून किंचित पुढे वाकवावे, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरावा, तोंडाने श्वास घ्यायला सांगावे आणि घड्याळ लावून १० मिनिटे चिमूट सोडू नये. दर मिनिटाला ‘थांबलं का’ म्हणून पाहण्यानेच ते थांबत नाही. रक्तदाब असलेल्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्या वयस्क माणसाचे रक्त यानेही थांबले नाही, तर रुग्णालय गाठावे.

एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येणाऱ्या मुलाच्या नाकात काहीतरी अडकले आहे, असेच धरून चालावे. आमच्या अंगणवाडीतल्या एका मुलीच्या नाकातून पंधरा दिवसांनी फुगून दुप्पट झालेला हरभरा निघाला. असा दाणा पाणी टाकून किंवा चिमट्याने काढू पाहू नये. पाण्याने तो आणखी फुगतो आणि चिमट्याने मागे सरकतो. खेळण्यातला बटनसेल अडकला असेल तर तर्क करत बसूच नये, तो काही तासांत आतली कातडी आणि कूर्चा जाळतो.

घशाच्या बाबतीत मला फार सांगायचे नाही. बहुतेक घसेदुखी विषाणूंची असते आणि मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांवर निभावते. टॉन्सिल काढायचेच का, या प्रश्नाला तज्ज्ञांचे एक माप आहे: एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा चांगला ताप येऊन घसा धरला, तर शस्त्रक्रियेचा विचार करतात. आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला असेल तर स्वरयंत्र पाहून घ्यावे, हे आम्हा मास्तरांना आणि कीर्तनकारांना खास लागू आहे. जिवंत माणसाचे स्वरयंत्र आरशातून पाहण्याची रीत १८५४ मध्ये मॅन्युएल गार्सिया या गाणे शिकवणाऱ्या माणसानेच शोधली, स्वतःच्या घशात आरसा धरून.

पण माझे एक चुलते पुन्हा कानाकडेच घेऊन येतात. त्यांचा डावा कान दोन महिने दुखत होता आणि घरात पुन्हा तेलाची पळी निघाली होती. डॉक्टरांनी कान पाहिला तर तो स्वच्छ होता, मग त्यांनी तोंड उघडायला सांगितले. तीन बोटे उभी आत जायला हवीत, तिथे दीडच जात होते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि चुलत्यांच्या खिशात पुडी होती. जिभेच्या मुळाशी जखम होती. घशातून आणि कानातून येणाऱ्या नसा पुढे एकत्र येत असल्याने दुखणे कानात जाणवत होते. निदान वेळेवर झाले म्हणून किरणोपचारानंतर ते आज शेतात जातात. कान निरोगी असून एकाच बाजूला दुखत राहिला, तर घसा पाहावा, हे तेव्हापासून मी ज्याला त्याला सांगत सुटतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते आणि अंगणवाडीत दोनदा. पथकाला एका दिवसात सगळी मुले तपासायची असतात, म्हणून मी आधीच पाठीमागे उभे राहून कुजबुजण्याचा माझा प्रयोग करून नावे काढून ठेवतो. यंदाच्या यादीत चार नावे आहेत. दोघांचे कान वाहतात, एक तोंडाने श्वास घेतो. चौथी मुलगी वर्गात पहिली येते, स्वतःहून पहिल्या बाकावर बसते आणि मी बोलताना माझ्या डोळ्यांकडे कधीच बघत नाही, ओठांकडे बघते.